मदत हवी आहे: पाच दिवसांच्या ग्रॅव्हल सायकल भटकंतीसाठी जर्सी कोणती घ्यावी? (सातारा–कास–महाबळेश्वर–दापोली)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी मैत्रीण पाच दिवस सायकलवर निघतोय. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथून खाली बामणोली, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून तापोळा, मग महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, पुढे खेडवरून दापोली आणि हर्णै. परतताना खेडहून रेल्वे. निम्मा रस्ता डांबरी, उरलेला मुद्दाम शोधून काढलेला: मुरूम, खडी, कोकणात उतरल्यावर लाल माती. सायकली ग्रॅव्हलच्या, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या, टायर ४० मिमीचे. सामान हँडलच्या, फ्रेमच्या आणि सीटमागच्या बॅगेत. पाठीवर काही घ्यायचं नाही, एवढं ठरलंय.

अडलंय ते जर्सीपाशी.

गेल्या वर्षी याच दिवसांत सातारा ते तापोळा असा छोटा फेरा केला होता. अंगात एका सायकल स्पर्धेत मिळालेली, घट्ट बसणारी पॉलिस्टरची जर्सी. यवतेश्वरच्या चढावर घामाने चिंब झाले, पठारावर पोचले तर धुकं आणि वारा. दुपारी तीनच्या सुमारास हस्ताची जोरदार सर आली आणि त्यानंतर लगेच बामणोलीचा उतार. दहा मिनिटांत हुडहुडी भरली. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय तेच कळेना. शेवटी एका घराच्या पडवीत थांबले. तिथल्या आजींनी काही न विचारता आत नेऊन चुलीपुढे बसवलं. थंडी वाजायला हिमालयात जावं लागतं असं मला तोवर वाटायचं. वीस-बावीस अंशांतही माणूस असा गारठतो, हे त्या चुलीपुढे कळलं.

रात्री जर्सी दोरीवर टाकली, सकाळी जशीच्या तशी ओली. तीच घालून पुढचा चढ. काखेतली शिवण घासून कातडी सोलली, मानेचा मागचा भाग उन्हाने भाजला, आणि पाठीच्या तीन खिशांत फोन, पंप, चिक्की भरल्यामुळे खडीवर जर्सी सारखी मागे ओढली जात होती. फोन एकदा उडून पडलाही.

तर विचारायचंय हे. मेरिनो लोकरीबद्दल (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर) इतकं वाचलंय, पण पोलादपूरच्या उकाड्यात लोकर कशी सहन होणार? पूर्ण बाह्यांची घ्यावी की अर्ध्या बाह्यांची आणि वर वेगळे स्लीव्ह? ग्रॅव्हलसाठी म्हणून मिळणाऱ्या सैल जर्सी खरंच कामाच्या असतात का? रेनकोट घ्यावा की नुसता विंडचीटर? आणि पाच दिवसांना जर्सी किती? दोघींचं बजेट प्रत्येकी सहा हजार आहे. वय सेहेचाळीस, वेग निवांत, दिवसाला ५० ते ६० किमी.

ज्यांनी पाऊस-ऊन-धुकं एका दिवसात अंगावर घेऊन सायकल चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माळरान

तुमचा अनुभव वाचून माझा पहिला राधानगरीचा प्रवास आठवला. तुम्ही गारठलात तो पावसामुळे कमी आणि जर्सीत अडकलेल्या पाण्यामुळे जास्त. एक ग्रॅम पाणी वाळताना साधारण ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं, आणि अंगावरचं कापड ती उष्णता अंगातूनच घेतं. घट्ट जर्सी ओली झाली की कातडीला चिकटते, मधे हवेचा थर राहत नाही. त्यात उतारावर ताशी ४० चा वारा. चढावर हीच गोष्ट हवीहवीशी असते, कारण तिथे शरीर तापलेलं असतं. म्हणजे आपल्या घाटांत जर्सी निवडताना ‘भिजणार नाही’ अशी शोधू नका, तशी मिळत नाही. भिजल्यावर लवकर वाळणारी शोधा.

आता मेरिनो. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. म्हणून धुक्यात, भुरभुर पावसात, पहाटे ती फार सुखाची. आपले धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभे असतात, ते लोकरीच्या याच गुणावर. वासही धरत नाही, तीन दिवस तीच घातली तरी चालते. पण एकदा पुरती चिंब झाली की वाळायला वेळ घेते. पॉलिस्टरचा तंतू एक टक्कासुद्धा पाणी पीत नाही, पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या जागेत. ते पिळून काढता येतं. वास मात्र दुसऱ्या दिवशीच मारायला लागतो, कारण घामातला तेलकट भाग त्यात चिकटून बसतो.

माझं मत: दिवसा चालवायला पातळ, सैल, फिक्या रंगाची पॉलिस्टर, पूर्ण बाह्यांची. आणि दुसरी मेरिनो, साधारण १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर जाडीची, जी पिशवीत कोरडीच राहील. मुक्कामावर पोचल्यावर आणि पहाटेच्या गारठ्यात ती. दोनच जर्सी, तिसरी नको.

आणि एक पंचा घ्या. टॉवेल नको, पंचाच. जर्सी धुतली की पंच्यात गुंडाळून दोघींनी दोन टोकं धरून पिळा. निम्म्याहून जास्त पाणी तिथेच निघतं. मग दोरीवर न टाकता पंख्याखाली टाका.

गोधडी

माळरान यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. मी महाबळेश्वर भागात पूर्ण दिवस मेरिनोवर काढले आहेत आणि दमट हवेत मला पॉलिस्टरपेक्षा तीच बरी वाटली, कारण पुरळ उठत नाही. ज्यांच्या कातडीला घामाने खाज सुटते त्यांनी हा विचार करावा. शंभर टक्के मेरिनोऐवजी नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेली घ्या, जास्त टिकते. शुद्ध पातळ मेरिनो बॅगेच्या पट्ट्याखाली आणि वेल्क्रोला लागून झिजते.

बाईच्या नजरेने दोन गोष्टी सांगते, त्या दुकानात कोणी सांगत नाही. बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे जाणारी सायकलची शॉर्ट्स) घालणार असाल तर जर्सीची चेन वरपासून खालपर्यंत उघडणारीच हवी. पट्टे जर्सीच्या आतून जातात, त्यामुळे आडोशाला जायचं झालं की अर्ध्या चेनची जर्सी डोक्यातून काढावी लागते, तीही पावसात. मी याच कारणासाठी बिब सोडून साध्या पॅडेड शॉर्ट्सवर आले आणि सुखी आहे. दुसरं, जर्सी आरशापुढे ताठ उभं राहून बघू नका. दुकानात स्टुलावर बसा, हात हँडल धरल्यासारखे पुढे करा आणि वाका. पाठ उघडी पडते का, बाही मनगटावरून किती वर जाते, काखेत शिवण कुठे येते हे तेव्हाच दिसतं. बायकांच्या बऱ्याच जर्सी पुढून आखूड असतात आणि कमरेला घट्ट. मी सरळ पुरुषांच्या मापातली लहान घेते.

सोललेल्या काखेला आधीच व्हॅसलीन लावून निघा. कपडे धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही.

उत्तरवारा

मी सध्या स्कॉटलंडमध्ये असतो, मूळचा चिपळूणचा. दोन्हीकडचा पाऊस खाल्ला आहे, म्हणून रेनकोटाबद्दल लिहितो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इकडच्या थंड पावसासाठी आहेत. श्वास घेणारं वॉटरप्रूफ जाकीट चालतं ते आतली हवा उबदार-दमट आणि बाहेरची थंड-कोरडी असेल तेव्हा. आंबेनळीच्या खालच्या टप्प्यात ऑक्टोबरमध्ये बाहेरची हवाच इतकी दमट की आतली वाफ जाणार कुठे? तुम्ही घामाने तितक्याच भिजाल. आपल्याकडे शेतात इरलं वापरतात ते बघा. पाठ झाकते, खालून-बाजूंनी वारा मोकळा. सायकलवर इरलं चालणार नाही, पोंचोही वाऱ्याने फुगतो, पण तत्त्व तेच.

म्हणून चढावर पाऊस आला तर भिजा. माथ्यावर पोचलात की उतार सुरू होण्याआधी थांबा, ओली जर्सी बदला किंवा निदान पिळा, आणि वर बिनबाह्यांचं विंडचीटर चढवा. छाती वाऱ्यापासून वाचली की बोटांतही ऊब राहते. विंडचीटर नसेल तर चहाच्या टपरीवरून वर्तमानपत्र मागून जर्सीच्या आत छातीवर ठेवा. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू घाटमाथ्यावर वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर नुसत्या उतरण्याने आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. घाटात मधे दोनदा थांबून कपडे कमी करायची तयारी ठेवा.

जर्सीशी संबंध नाही, पण सांगतोच: परतीच्या पावसात विजा फार. कासचं पठार दुपारी दोनच्या आत सोडा. गडगडाट सुरू झाला तर फोटोसाठीसुद्धा थांबू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मैत्रिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं.

प्रयोग करून पाहिला. घरातली जुनी घट्ट जर्सी, नवऱ्याचा सैल पॉलिस्टरचा टीशर्ट आणि मुलीचा ट्रेकचा मेरिनो टीशर्ट, तिन्ही एकदम भिजवले, पंच्यात पिळले आणि खिडकी बंद करून पंख्याखाली टाकले. बाहेर पाऊस चालूच होता. सकाळी सहाला टीशर्ट पूर्ण कोरडा, मेरिनो काखेत आणि गळ्याशी ओलसर. घट्ट जर्सी बाकी वाळली होती, पण तिचे तिपदरी खिसे ओलेच! म्हणजे गेल्या वर्षी माझ्या कमरेवर रात्रंदिवस जो गारवा होता तो त्या खिशांचा होता. हे मला कधी सुचलंच नसतं.

तर ठरलं असं: एक सैल, पूर्ण बाह्यांची, पूर्ण चेनची पॉलिस्टर, कॉलर असलेली, म्हणजे मानही झाकेल. एक मिश्र मेरिनो अर्ध्या बाह्यांची. उरलेल्या पैशांत बिनबाह्यांचं विंडचीटर. रेनकोट एकच, दोघींत मिळून, पंक्चर काढताना किंवा लाँचवर पांघरायला. बिब घरीच राहणार.

खिशांचा प्रश्न तेवढा उरलाय. फोन फ्रेमच्या बॅगेत टाकला तर फोटोला पटकन हाताशी येत नाही. सैल जर्सीला छातीवर एक छोटा चेनचा खिसा शिंप्याकडून बसवून घेतलाय का कुणी? कापड ओढलं जातं का?

माळरान

घेतलाय, दोन वर्षं वापरतोय. खिशाला अस्तर जाळीचं लावायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. चेन आडवी नको, तिरकी. वाकल्यावर आडवी पोटाला टोचते. फोन छातीवर ठेवू नका, तो जड होतो आणि घामाने ओला होतो. तिथे पैसे, गोळ्या आणि चिक्की. फोनसाठी हँडलच्या दांडीलगत बसणारी उभी पिशवी मिळते, पाण्याची बाटली ठेवायची असते तशी. एका हाताने काढता येतो.

शिंप्याला आधी जुन्या जर्सीवर करून दाखवायला सांगा. ताणल्या जाणाऱ्या कापडाला वेगळी सुई लागते, साध्या सुईने भोकं पडतात.