अनुभव धागा : छोटा कोडिंग कोर्स करून आयटीत आलात का?

मंडळी, आयटीशी काही संबंध नसताना बूटकॅम्प म्हणा, तीन-चार महिन्यांचा कोडिंग कोर्स म्हणा, करून या क्षेत्रात आलेल्यांनी (आणि येता येता राहिलेल्यांनी) लिहावं म्हणून हा धागा. साधारण २०१२ पासून हे कोर्स निघाले, जाहिराती ढिगाने आहेत, पण कोर्स संपल्यावर माणसाचं पुढे काय होतं ते कुणी नीट सांगत नाही. नोकरी लागली नसेल तरी लिहा, खरं तर त्यांनी आधी लिहा. सुरुवात मी करते.

मी अकाउंट्समध्ये होते, डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स केला. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), डॅशबोर्ड (आकडे आलेखांत दाखवणारं पान), एवढंच शिकवलं पण घासून घेतलं. इंटरव्ह्यूत एक तयार क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारा कोड) दिली, सगळ्या ग्राहकांची यादी हवी, यावर्षी ज्यांनी काहीच घेतलं नाही तेही त्यात हवेत, आणि विचारलं की ही बरोबर आहे का. मी आधी नुसतं मोजलं. ग्राहकांच्या टेबलात जितकी नावं तितकी उत्तरात नव्हती. लेफ्ट जॉईन होता (दोन टेबलं जोडताना पहिल्यातली सगळी नावं ठेवणारा), पण ऑर्डरच्या तारखेची अट खाली व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत घातलेली, आणि ज्यांची ऑर्डरच नाही त्यांच्या तारखेच्या जागी नल (माहितीच नाही अशी खूण) येतो, नलची तुलना कशाशीही केली तरी ती खरी ठरत नाही, त्यामुळे ते ग्राहक गळत होते. अट उचलून ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत नेली, टोटल जुळली. जॉईन कोर्सने शिकवला, पण आधी टोटल जुळवून बघायची सवय अकाउंट्सची, आणि मला नोकरी त्या सवयीने मिळवून दिली असं मी ठामपणे म्हणेन.

पाटीपेन्सिल

मी शाळेत गणित शिकवायचो. वेब डेव्हलपमेंटचा फुलटाइम कोर्स केला, वेबसाइट बनवायला लागणाऱ्या भाषा आणि साधनं, एचटीएमएल सीएसएस जावास्क्रिप्ट रिअ‍ॅक्ट नोड सगळं एका दमात. वेग भयंकर असतो हो, असिंक-अवेट (उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट बघायची जावास्क्रिप्टमधली पद्धत) डोक्यात बसायच्या आत वर्ग रिअ‍ॅक्टवर गेलेला. बाहेर पडलो तेव्हा २०२३ चालू होतं, मोठमोठ्या कंपन्यांत ले-ऑफ, अनुभवी माणसंही ज्युनियरच्या जागांना अर्ज करत होती, डेव्हलपर म्हणून कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी टेस्टिंगमधून (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम) आत शिरलो आणि आता तेच काम मनापासून आवडतं. बिलांच्या बेरजा कुठेतरी किंचित चुकत होत्या, ते मी पकडलं. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतं, कारण आकडा बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवला जातो आणि ०.१ तिथे नेमका बसतच नाही, १/३ जसा आपल्या दशांशात बसत नाही. रक्कम सगळ्यात लहान नाण्यात, पूर्णांकात ठेवायची, संपला विषय. टीमला फळ्यावर समजावून सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं.

रात्रपाळी

मी नर्स. पैसे भरून कोर्स केलाच नाही, फ्रीकोडकॅम्प या वेबसाइटवर शिकले, ते २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. एकटीने शिकताना अडचण विषयाची नसते, आपलं कोड वाचून "हे असं का लिहिलंस" विचारणारं कुणी नसतं ही असते. म्हणून एका ताईंना गाठलं, त्या डेव्हलपर, त्या दर रविवारी माझं कोड बघायच्या. त्यांचे उपकार फेडता यायचे नाहीत. आता मी हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर काम करते. पहिल्याच आठवड्यात सांगितलं की औषध द्यायची वेळ आणि प्रत्यक्ष दिल्याची वेळ या दोन वेगळ्या नोंदी हव्यात, एकच रकाना ठेवलात तर पुढच्या पाळीच्या नर्सला काही कळणार नाही.

चौथा_गियर

माझा अनुभव वाईट आहे आणि लोकांनी वाचावा म्हणून लिहितोय. आधी फी नाही, नोकरी लागली की पगारातून कापायची, अशी स्कीम होती. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं की ठराविक पगाराच्या वर कुठलीही नोकरी लागली तरी हप्ता सुरू, मग ती कोडिंगची असो वा नसो. आणि त्यांचा तो प्लेसमेंटचा मोठा टक्का! मधेच सोडून गेलेले त्यात धरलेलेच नव्हते, आणि संस्थेनेच असिस्टंट म्हणून ठेवून घेतलेली मुलं मात्र "प्लेस्ड". हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असंही नाही, अमेरिकेत ब्लूमटेक ही कोडिंग शिकवणारी संस्था, म्हणजे आधीची लॅम्डा स्कूल, तिच्यावर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने कारवाई केली, प्लेसमेंटचे फुगवलेले आकडे आणि पगारातून कापायच्या कर्जाबद्दलची दिशाभूल हेच मुद्दे. कुठेही पैसे भरायच्या आधी एवढं विचाराच, किती जण भरती झाले, किती संपवून बाहेर पडले, आणि त्यातल्या किती जणांना याच कामाची नोकरी लागली. तीन आकडे लेखी मागा, टाळाटाळ केली तर उठून या. मी परत मेकॅनिकलला गेलो. पण मशीनचा डेटा जो आम्ही एक्सेलमध्ये हाताने चिकटवायचो तो आता माझी पायथनची स्क्रिप्ट वाचते, आणि त्यावर माझं काम बदललं, पगारही.

दुसरी_बाजू

मी मुलाखती घेतो. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) तेच टूडू (कामांच्या यादीचं) अ‍ॅप, तेच हवामानाचं अ‍ॅप, सगळ्यांकडे सारखं, कारण ते कोर्सचंच असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर असं अ‍ॅप चुटकीसरशी तयार होतं. म्हणून मी आता कोड लिहायला लावतच नाही फारसं, दुसऱ्याचं लिहिलेलं देतो आणि हे कुठे फुटेल ते विचारतो. वरच्या अकाउंट्सवाल्या ताईंसारखी माणसं तिथे चमकतात. तुमच्या जुन्या कामातली एक खरी कटकट सोडवणारं काहीतरी बनवून आणा, छोटं का असेना, मला त्यावर तासभर बोलायला आवडतं.

नवीन_आहे

सगळं वाचलं. वय ४३, ग्रंथालयात काम करते, फी भरायच्या आधी आपल्याला हे जमेल का ते कसं कळणार?

धागाकर्ती

हार्वर्डचा सीएस५० (कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स) ऑनलाइन फुकट करता येतो, तो धरा. सुरुवात स्क्रॅचने (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची सोपी भाषा) होते, मग सी ही भाषा येते आणि तिथे खरा कस लागतो. व्हिडिओ बघून थांबू नका, असाइनमेंट करा. सीच्या असाइनमेंट करताना वैतागूनही परत बसावंसं वाटलं तर मग कोर्सची चौकशी करा. आणि ग्रंथालयात याद्या, वर्गीकरण, नोंदी हेच रोजचं काम ना तुमचं? मग डेटाबेसकडे बघा, रिअ‍ॅक्ट राहू दे. कुठे अडलात तर इथेच विचारा, मी बघते.