अनुभव धागा : लहान मुलांना घेऊन मोटारीने काही दिवसांचा प्रवास

नकाशा पुणे ते गुहागर हा प्रवास सहा-सात तासांचा दाखवतो. दोन वर्षांचे मूल बरोबर असेल, तर तोच प्रवास नऊ तासांचा धरावा लागतो आणि हे वाढीव तास कोठे जाणार हे आधी ठरवलेले नसेल, तर ते भर दुपारी, सावली नसलेल्या रस्त्याच्या कडेला, रडणाऱ्या मुलाची समजूत घालण्यात जातात. म्हणून मुले बरोबर असताना आखणी अंतरावरून न करता थांब्यांवरून करावी, असे माझे मत बनले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही. आपण कोणत्या रस्त्याने व कोणत्या महिन्यात गेलात, मुले केवढी होती, दिवसाचा पल्ला कसा ठरवलात, काय बरोबर नेले आणि काय मुद्दाम वगळले, हे सविस्तर लिहावे. ‘मुलांनी फार मजा केली’ एवढ्यावरून दुसऱ्याला आखणी करता येत नाही. सुरुवात मीच करते.

पुणे – दिवेआगर – दापोली – गुहागर – गणपतीपुळे, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा, जानेवारी

आम्ही ताम्हिणीमार्गे माणगावला उतरून दिवेआगर गाठले आणि तेथून महामार्गाला न लागता किनाऱ्यानेच दक्षिणेकडे गेलो. या वाटेवर सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या आडव्या येतात व त्या ओलांडण्यासाठी गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटी आहेत : बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मोठी माणसे या ‘जंगलजेटी’कडे वेळ वाचवण्याचे साधन म्हणून पाहतात, कारण दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचे झाल्यास चिपळूणचा लांबलचक वळसा पडतो. मुलांच्या दृष्टीने मात्र तो दिवसातला सर्वांत चांगला थांबा असतो. गाडीतून उतरायचे, कठड्याशी मोठ्यांचा हात धरून उभे राहायचे, गाड्या बोटीत कशा चढतात ते पाहायचे, आणि पलीकडे पोहोचल्यावर कोणी न सांगता पुन्हा गाडीत बसायचे.

त्यामुळे निघण्याची वेळ आम्ही फेरीवर आणि मुलाच्या दुपारच्या झोपेवर बेतली. सकाळी न्याहारी, समुद्र, आंघोळ, मग अकराच्या सुमारास प्रस्थान. फेरी आधी आणि झोप नंतर, हा क्रम सांभाळला, म्हणजे नुकत्याच झोपलेल्या मुलाला धक्क्यावर उठवावे लागत नाही. प्रत्येक गावी सलग दोन रात्री राहिलो आणि मुक्काम हलवण्याच्या दिवशी प्रत्यक्ष गाडीतला वेळ साडेतीन तासांपलीकडे जाऊ दिला नाही. जोडून सुट्ट्या आल्या की धक्क्यांवर रांगा लागतात, म्हणून शनिवार-रविवार मुक्काम न हलवता एकाच ठिकाणी काढले.

घरगुती निवास ठरवताना मी वातानुकूलनाच्या आधी एक प्रश्न विचारते, तो म्हणजे वाडीतल्या विहिरीला कठडा आणि वर जाळी आहे का. दुसरी गोष्ट जेवणाची. कोकणात घरगुती जेवण आधी सांगावे लागते आणि रात्रीचे पान बहुधा साडेआठनंतर वाढले जाते. मुलांसाठी मऊ भात आणि बिनतिखट वरण साडेसातला मिळेल का, हे खोली ठरवतानाच विचारले तर कोणीही नाही म्हणत नाही, पण संध्याकाळी सात वाजता विचारले तर स्वयंपाकघराची धांदल उडते. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे. म्हणून पाण्यातला खेळ दिवेआगरलाच, ओहोटीच्या वेळा पाहून उरकला आणि पुळ्याला फक्त देवदर्शन व वाळू, असे मुलीला घरूनच सांगून ठेवले होते.

ठाणे – कोल्हापूर – मालवण, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, गणपतीच्या आधी

वरील आखणी सुट्टीसाठी उत्तम आहे. ज्यांना ठरलेल्या तिथीला गावच्या घरी पोहोचायचेच असते, त्यांना एवढी सवड नसते. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मुंबई–गोवा महामार्गावर गाड्यांची जी रीघ लागते, तिच्यात बाळाला घेऊन अडकण्याऐवजी आम्ही पुणे–कोल्हापूरमार्गे जाऊन फोंडा घाटाने कणकवलीला उतरतो. अंतर जास्त पडते. परंतु मध्ये कोल्हापूरचा मुक्काम घेता येतो आणि रस्ताभर स्वच्छतागृह असलेली उपाहारगृहे मिळतात, हे मला अंतरापेक्षा मोलाचे वाटते.

मुले झोपतात म्हणून रात्रभर गाडी चालवावी, असे आमच्या नात्यात अनेकांचे म्हणणे असते. माझा त्याला विरोध आहे. मुले झोपतात हे खरे, पण पहाटे दोन ते पाच या वेळेत चालकालाही झोप येते आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी मुले व पेंगणारे आईवडील अशी जोडी जमते. आम्ही रात्री नऊला सगळे जण झोपून पहाटे चारला निघतो, मुलांना रात्रीच्या कपड्यांतच उचलून आपापल्या आसनात बांधतो, दात घासणे आणि न्याहारी साताऱ्याच्या आसपास होते आणि दुपारच्या जेवणाला कोल्हापूर येते. त्यानंतर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. पूजेचे सामान डिकीत हवाबंद डब्यात ठेवावे. कापूर, उदबत्ती आणि घाटातली वळणे एकत्र आली की पाच वर्षांच्या मुलाचे पोट टिकत नाही.

वरील शेवटच्या मुद्द्याला जोड, बालरोगतज्ज्ञ म्हणून

गाडी लागणे दोन वर्षांच्या आत क्वचित आढळते आणि त्यानंतर शाळेच्या वयात वाढते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलत आहोत’ असे सांगतो आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाइलचा पडदा बंद, नजर समोर दूरवर, खिडकी थोडी उघडी आणि निघण्यापूर्वी हलका, कमी तेलकट आहार. उपाशी पोट मात्र नको. उलटीची औषधे शेजारच्यांच्या सांगण्यावरून देऊ नयेत. मोठ्यांमध्ये सर्रास घेतले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देणे धोक्याचे आहे. जलसंजीवनीची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी, मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये. पेल्याभर पाण्यात अर्धीमुर्धी पुडी टाकल्याने क्षारांचे प्रमाण बिघडते.

बाळाला मांडीवर घेऊन बसणे ही आपल्याकडची सवय मला सर्वांत काळजीची वाटते. अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेले मूल हातात राहत नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने कोणी आसन घेत असल्याचे मला तरी दिसलेले नाही. बाळाचे मागे तोंड असलेले आसन मागच्या सीटवरच लावावे. पुढे एअरबॅग चालू असेल तर तेथे ते कधीही लावू नये. आणि नवे आसन प्रवासाच्या सकाळी प्रथम बाहेर काढू नये. आधीचे पंधरा दिवस बाजारहाटाला जाताना त्यात बसवले, तर मूल त्याला आपली जागा मानू लागते.

नागपूर – मुंबई, समृद्धी महामार्गाने. जुळी मुले, वय सहा

हा 701 किलोमीटरचा महामार्ग जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर पूर्ण झाला आणि आता एका दिवसात मुंबई गाठता येते, हे खरे आहे. मुले बरोबर असतील तर ती गाठू नये, असे मी म्हणेन. सरळ, एकसुरी रस्त्यावर मुलांना पाहायला काही नसते. शिवाय जुन्या रस्त्यावर जसे मनात आले की चहाच्या टपरीपाशी थांबता येते, तसे येथे थांबता येत नाही. कडेला गाडी उभी करणे धोक्याचे असते. त्यामुळे कोणत्या इंटरचेंजला बाहेर पडायचे, हे घरूनच ठरवावे लागते आणि ‘शू आली’ हे वाक्य ऐकू येण्याआधीच थांबावे लागते.

आम्ही मेहकरला बाहेर पडून लोणारला पहिला मुक्काम केला. आकाशातून पडलेल्या दगडाने एवढा मोठा खड्डा पडला, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलांना जन्मभर पुरेल इतकी आवडते. मात्र सरोवराच्या काठापर्यंत उतरणे आणि मुख्य म्हणजे परत चढणे सकाळीच उरकावे. पुढे सिंदखेडराजा आणि मग छत्रपती संभाजीनगरात दोन रात्री. येथे वार पाहूनच आखणी करावी लागते, कारण वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. अजिंठा आम्ही वगळले. दोन्ही करण्याच्या हट्टापायी मुलांना लेणी म्हणजे शिक्षा वाटू लागते, आणि कैलास लेण्याच्या अंगणात त्यांना तासभर मोकळे फिरू देणे अधिक चांगले.

गाडीच्या बाबतीत एवढेच सांगतो की या रस्त्यावर कारसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असली, तरी जुने, झिजलेले टायर आणि विदर्भातली उन्हाळी दुपार यांचा मेळ घालू नये. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी.

सीएनजीवरील गाडीबद्दल थोडेसे

गॅस भरताना सर्वांना गाडीतून उतरावे लागते, हा नियम मुले मोठी असताना जाणवत नाही. मोठ्या मुश्किलीने झोपलेल्या बाळाला पंपावरच्या रांगेत उचलून बाहेर काढावे लागले की तो चांगलाच जाणवतो. म्हणून लांबच्या प्रवासात झोपेच्या वेळी आम्ही पेट्रोलवर जातो आणि गॅस जेवणाच्या थांब्यालगत भरतो. टाकीने डिकीची जागा खाल्लेली असते, त्यामुळे बाळाची ढकलगाडी घडी घालून मावते का, हे आदल्या आठवड्यात ठेवून पाहावे. विजेवरच्या गाडीने जाणारे माझे भाऊ-वहिनी म्हणतात की चार्जिंगची पाऊण-एक तासाची सक्ती मुलांच्या जेवणाला अगदी पुरते. मला ते पटते.

सोलापूर – विजयपूर – बदामी – हंपी; मुलगी सात वर्षांची; डिसेंबर

गोल घुमटाच्या वरच्या सज्जात सकाळी लवकर जावे. गर्दी होण्यापूर्वी गेल्यास एका टोकाला हळू बोललेले दुसऱ्या टोकाला खरोखर ऐकू येते; शाळांच्या सहली आल्यावर नुसता कल्लोळ असतो. बदामीला पायऱ्यांवर माकडे असतात आणि ती हातातली पिशवी किंवा खाऊ हिसकावून घेतात, म्हणून खाण्याचे सर्व काही गाडीत ठेवून वर जावे. हंपीत दुपारचे ऊन डिसेंबरातही दगडांवरून अंगावर येते. आम्ही सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढीच ठिकाणे धरली आणि दुपार खोलीत, पत्ते खेळून काढली. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे मूल कंटाळले तर अर्ध्यातून परत फिरण्याचे दुःखही होत नाही.

लास वेगास – झायन – ब्राइस – ग्रँड कॅन्यन, मुले चार आणि आठ वर्षांची, जून

अमेरिकेत आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे उन्हाळी सुट्टीत ही फेरी करतात, म्हणून लिहिते. येथे घड्याळ सांभाळावे लागते. नेवाडातून यूटामध्ये शिरताना एक तास पुढे जातो, आणि ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नसल्यामुळे तिकडे उतरताना तो परत मिळतो; त्याच राज्यातील नवाहो भागात मात्र ती पाळतात. मुलांच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळा या हिशोबाने आधीच लिहून ठेवल्या. झायनमध्ये हंगामात मुख्य दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत, शटल बसने जावे लागते, म्हणून दिवसभराचे पाणी, टोप्या आणि पोळीभाजीचे रोल पाठीवर घेऊन निघालो. राष्ट्रीय उद्यानांत मुलांना ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका मिळते, ती भरून दाखवली की रेंजर शपथ देऊन बिल्ला लावतो. आठ वर्षांच्या मुलाने त्या बिल्ल्यांसाठी जेवढी पायपीट केली, तेवढी केवळ देखाव्यांसाठी खचितच केली नसती. छोटा राइस कुकर, मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट एवढ्यावर आमची बहुतेक रात्रीची जेवणे झाली.

आजी म्हणून, नाशिक – महाबळेश्वर – पन्हाळा, नातवंडे तीन आणि सात वर्षांची

वरील सर्वांनी मुलांच्या थांब्यांचा विचार केला आहे. आमच्या गुडघ्यांनाही दर दोन तासांनी उतरावेसे वाटते, त्यामुळे नातवंडांच्या वेळापत्रकात आमची सोय आपोआप होते. सुनेने यंदा एक चांगली पद्धत काढली. प्रत्येकाची वेगळी बॅग न भरता मुक्कामागणिक एक पिशवी भरली आणि तिच्यात त्या रात्रीचे व दुसऱ्या सकाळचे सर्वांचे कपडे, दात घासण्याचे सामान आणि औषधे ठेवली. त्यामुळे रात्री गाडीतून एकच पिशवी काढावी लागली आणि पेंगणाऱ्या धाकटीला कडेवर घ्यायला एक माणूस मोकळे राहिले. ओल्या व उलटीच्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र डिकीत न ठेवता पुढच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि गरम पाण्याचा थर्मास माझ्या पायाशी असतो, तो तेथून कोणी हलवायचा नाही, हे मी निघतानाच सांगून ठेवते.