मदत हवी आहे : जुना कीबोर्ड यूएसबीवर मध्येच अडकतो
मंडळी, १०१ कळांचा जुना कीबोर्ड पुन्हा वापरात आणतोय. गोल, जाड, ५ पिनांचा डिन प्लग, खाली एक्सटी/एटी या दोन जुन्या पीसी प्रकारांतून निवडायचा खटका (तो एटीवरच आहे, आधीच सांगतो).

आधी डिनवरून पीएस/२चा (नंतरच्या छोट्या गोल प्लगचा) जोड आणि पुढे यूएसबीचं साधं जांभळं अडॅप्टर लावलं. ढिम्म. नंतर कळलं की त्यात नुसत्या तारा असतात. कीबोर्डलाच यूएसबी कळत असेल तरच ते चालतं. मग चिप असलेला कन्व्हर्टर आणला. आता सुरुवातीला तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात, टाइपही छान होतं, पण दहा-पंधरा मिनिटांनी एखादी कळ सोडली तरी दाबलेलीच राहते. ओळभर 'ककककक'! शिफ्ट अडकली तर विचारूच नका. कन्व्हर्टर काढून परत लावला की ठीक.

दुसरा कॉम्प्युटर, मागचा पोर्ट, सगळं करून झालं. स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या हबवर अर्धा तास टिकला, म्हणून वीज कमी पडतेय असा संशय आहे. पण मग हबवरही का अडकावा? कळ सोडल्यावर कीबोर्ड एफ० (F0) या कोडने सुरू होणारा संकेत पाठवतो, तोच वाटेत हरवत असावा.

दोष जुन्या केबलचा की कन्व्हर्टरच्या चिपचा, हे मल्टिमीटरने कसं ओळखायचं? ५ व्होल्ट नेमके कुठल्या पिनांवर मोजू? आणि मायक्रोकंट्रोलरवर स्वतः कन्व्हर्टर बनवलेलं कुणी आहे का इथे?