मदत हवी आहे: चष्मा काढला की मोबाइल स्वच्छ दिसतो, लॅपटॉपचं काय करू?

नमस्कार. मी गोव्यातल्या फोंड्याची, वय ४३. चष्मा सातवीपासून. उजव्या डोळ्याचा नंबर -३, डाव्याचा -४.२५, डाव्याला थोडा सिलिंड्रिकलही (तिरपा नंबर) आहे. काम हिशेबाचं, घरून, दिवसाचे आठेक तास लॅपटॉपसमोर.

गेल्या गणेशचवथीपासून नवीनच प्रकार सुरू झालाय. चष्मा घालून बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल जवळ आणला की अक्षर न् अक्षर लख्ख. माटोळीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या मांडवीला) बांधलेला सुपारीचा घड बघायला चष्मा घाला आणि तिच्याखाली उभं राहून आरतीचं पुस्तक वाचायला तो काढा! सासूबाई म्हणतात, "काढघाल करून नंबर वाढवून घेशील." दुकानदार म्हणाला, प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) घ्या. किंमत ऐकून मी जुन्याच चष्म्याचे स्क्रू आवळून घेतले आणि परत आले.

मोबाइलचं निभतंय, लॅपटॉपचं नाही. तो ६० सेंमीवर असतो (शिवणाच्या टेपने मोजलं). चष्म्याशिवाय धूसर, म्हणून पुढे वाकते आणि संध्याकाळी मान धरते. चष्मा घालून बसले तर तासाभरात कपाळ ठणकतं.

काल एकेक डोळा झाकून पाहिला. फूटभरावर उजव्याने स्पष्ट, डाव्याने नाही. अजून जवळ आणलं तर उलट. म्हणजे इतके दिवस मी एकाच डोळ्याने वाचत होते की काय?

असं वाचून खरंच नंबर वाढतो का? लॅपटॉपपुरता वेगळा चष्मा कोणी केलाय का? आणि माझं बघून दहा वर्षांचे चिरंजीवही (-१.५) चष्मा काढून टॅब घेऊन बसतात, त्याला काय सांगू?

कुळागरवाला:
ताई, चाळीशी लागली, दुसरं काही नाही. १००ला नंबराने भागा: उजवा ३३ सेंमी, डावा साधारण २४. तिथपर्यंत चष्म्याशिवाय स्पष्ट, त्यापुढे धूसर. फोकस करायचा जोर दोन्ही डोळे सारखाच लावतात, म्हणून तुम्हाला एका वेळी एकाच डोळ्याने नीट दिसतं. या वयात चष्मा काढून वाचल्याने नंबर वाढत नाही, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

लॅपटॉप मात्र दोन्ही डोळ्यांच्या हद्दीबाहेर आहे. लांबच्या नंबरातून दीडेक कमी केलेला साधा चष्मा लागेल, उजवा -१.५, डावा -२.७५ च्या आसपास, सिलिंड्रिकल तसाच. माझ्या आकड्यांवर करू नका, तपासणीत '६० सेंमीसाठी' असं सांगा. मी केलाय, मान सुटली. फक्त तो घालून स्कूटर चालवू नका. मी एकदा तोच घालून स्टँडवर गेलो, कदंबच्या (आमच्या सरकारी) बसची पाटी वाचेपर्यंत बस सुटली.

साखळीकर:
मुलाचं गणित वेगळं आहे. या वयात डोळ्याचा गोळा लांबत जातो, नंबर त्यामुळे वाढतो. चष्मा काढून किंवा कमी नंबरचा देऊन ते थांबत नाही. उलट चष्म्याविना टॅब अजून जवळ ओढला जातो. पूर्ण नंबरचा चष्मा, टॅब हातभर लांब, आणि रोज उजेडात बाहेर खेळणं. थेंब घालून तपासणी झाली नसेल तर करून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे.

आणि तुमच्यासाठी: अचानक डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मायनस नंबरवाल्यांना डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटायचा धोका जास्त असतो.

मूळ लेखिका:
दोघांचेही आभार. टेप पर्समध्ये टाकली आहे. चिरंजीवांना सांगून पाहिलं, तर म्हणतो, "मग तू का काढतेस?"