फॉसिल क्रीक: ट्रॅव्हर्टाइनच्या कड्यावरून कयाक उतरवावी की उचलून न्यावी?

वाळपईकर

गोव्यात म्हादई नदीचं पाणी उतरलं की बाहेरच्या ओढ्यांची चर्चा सुरू होते आणि ॲरिझोनातल्या फॉसिल क्रीकचं नाव निघतंच. जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण माझं मत स्पष्ट आहे: तिथल्या ट्रॅव्हर्टाइनच्या, म्हणजे पाण्यातल्या चुन्यापासून घडलेल्या दगडाच्या, कड्यांवरून कयाक उतरवू नये. प्रत्येक कड्याच्या आधी काठाला लागावं, होडी उचलावी आणि खालच्या डोहात पुन्हा घालावी.

कारण त्या दगडातच आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, त्यामुळे ते चुनखडी विरघळवतं. झऱ्यातून वर आल्यावर तो वायू सुटतो. पाणी जिथे आपटतं, फेसाळतं, तिथे तो सर्वात जास्त सुटतो आणि चुना दगड होऊन तिथेच बसतो. म्हणजे कडा नेमका धबधब्याच्या ओठावर वाढतो. म्हादईतला कातळ पाण्यानं झिजतो, हा पाण्यानं वाढतो. ताजा थर ठिसूळ आणि सच्छिद्र असतो, प्लास्टिकच्या कयाकचा तळ त्यावर घासला की कपचे उडतात.

शिवाय हे पाणी परत मिळवलेलं आहे. 1909 साली चाइल्ड्स आणि 1916 साली अर्व्हिंग ही वीजघरं सुरू झाली आणि ओढ्याचं जवळजवळ सगळं पाणी पाटानं वळवलं गेलं. वीजघरं बंद होऊन ते 2005 साली पात्रात परत आलं, तेव्हापासून मधल्या टप्प्यातले कडे पुन्हा वाढायला लागले. 2009 साली ओढ्याला केंद्रीय संरक्षण मिळालं. शंभर वर्षं कोरड्या पडलेल्या जागी नव्यानं घडणारी गोष्ट आपण तळ घासून फोडावी का?

रगाडाकाठ

वाळपईकरबाब, दगडाचं सगळं मान्य, पण निष्कर्ष उलटा निघतो.

कडा काठावर संपत नाही. ट्रॅव्हर्टाइनचा बांध एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि कडेला, जिथे पाणी पातळ असतं, तिथे त्याचा पापुद्रा सर्वात नाजूक असतो. उचलून नेणारा माणूस नेमका तिथूनच चालतो. क्रीकिंगची, म्हणजे उताराच्या अरुंद ओढ्यांत चालवायची, कयाक वीस किलोच्या आसपास, त्यात थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी), पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पिशवी. स्वतःचं वजन धरून शंभर किलोच्या घरात भार, तोही एका टाचेवर. खाली पोकळी असेल तर पापुद्रा फुटतो आणि नडगी सोलून पाय आत जातो. ते टाळायला किनाऱ्यावरून जावं, तर ॲल्डर आणि विलो या झाडांच्या मुळ्यांनी धरलेली माती सुटते. दहा माणसं त्याच जागी चढली-उतरली की तिथे घसरण तयार होते.

याउलट पाण्याच्या जिभेवरून, म्हणजे ओठावरून खाली जाणाऱ्या गुळगुळीत मुख्य धारेवरून, नीट सोडलेली होडी कशालाही टेकत नाही. म्हणून माझा नियम: जीभ दिसली आणि खालचा डोह तपासलेला असला, तर उतरावं.

हिशेब_मांडा

दोघेही ‘टेकते’ आणि ‘टेकत नाही’ म्हणताय. ते मोजता येतं.

झऱ्यांचं पाणी मिनिटाला सुमारे वीस हजार अमेरिकन गॅलन, म्हणजे सेकंदाला साधारण साडेबाराशे लिटर. म्हादईच्या जुलैतल्या पाण्यापुढे हा व्हाळच, म्हणजे लहानसा ओहोळ. हे पाणी दहा मीटर रुंद सरळ कड्यावर सारखं पसरलं, तर ओठावर जेमतेम आठ सेंटीमीटर जाडी उरते. तेच पाणी तीन मीटरच्या खाचेत एकवटलं तर अठरा-वीस. माणूस बसलेली कयाक दहा ते पंधरा सेंटीमीटर पाणी घेते, हवा भरायची हलकी पॅकराफ्टही फार वेगळी नाही.

म्हणून रुंद, पडद्यासारखा कडा असेल तर वाळपईकर बरोबर: तिथे होडी घासणारच, कौशल्य कितीही असो. खाच अरुंद असेल आणि सगळं पाणी तिच्यात शिरत असेल तर रगाडाकाठ बरोबर. वरून बघताना खूण सोपी आहे. ओठावर पाणी काचेसारखं गुळगुळीत, गडद वाकत असेल तर खोली आहे. सुरकुत्या पडत असतील, दाणेदार दिसत असेल, तर खाली लगेच दगड.

वाळपईकर

हिशेब पटला, पण खाचेतही एक गोष्ट राहते. बूफ करताना, म्हणजे होडी नाक न बुडता सपाट पडेल अशी उडवताना, शेवटचा वल्ह्याचा घाव ओठावरच पडतो. नाक वर राहावं म्हणून आपण पातं ओठाच्या अगदी कडेला रोवून होडी पुढे ओढतो. अठरा सेंटीमीटर पाण्यात पातं पूर्ण बुडत नाही, टोक दगडाला लागतं. कातळावर पात्याला चरा पडतो, इथे ओठाचा तुकडा निघतो. आणि तो तुकडा निघाला की पाणी त्या फटीतून जायला लागतं, बाजूचा पडदा सुकतो आणि तिथली वाढ थांबते.

रगाडाकाठ

मग घाव ओठाच्या अर्धा-पाऊण मीटर आधी घ्यायचा. वेग वरच्या संथ पाण्यातच धरायचा आणि ओठावर पातं हवेत ठेवून फक्त अंग पुढे झुकवायचं. दीड मीटरपर्यंतच्या उडीला एवढं पुरतं, नाक थोडं बुडेल एवढंच. त्याहून उंच कड्यावर हे जमत नाही. तिथे उचलायला माझीही हरकत नाही, कारण उंचावरून सपाट पडलं तर कंबरेचे मणके दबू शकतात.

चोर्ला_उतार

तुम्ही ओठावर अडकला आहात. माणूस मरतो तो झाडात आणि पोकळीत, त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

म्हादईत पडलेलं झाड पुढच्या पुरात निघून जातं, म्हणून आपल्याला सवय आहे की गेल्या आठवड्यातली वाट या आठवड्यात वेगळी असेल. फॉसिल क्रीकमध्ये लाकडावरही चुना चढतो. ओंडका कड्यात चिणला जातो आणि हलत नाही. त्याच्या फांद्यांतून पाणी गाळणीसारखं जातं, माणूस जात नाही. दुसरी गोष्ट, हे कडे बाहेरच्या बाजूनं लोंबत वाढतात, त्यामुळे पडद्यामागे पोकळी असते. खाली पडून उलटलेला माणूस परतणाऱ्या पाण्यानं त्या पोकळीत ओढला गेला तर वरून दिसतसुद्धा नाही.

म्हणून उतरायचं की उचलायचं याआधी पाहणी. एक जण खाली, थ्रो बॅग हातात, दोरी पंधरा ते वीस मीटर, उभं राहण्याची जागा डोहाच्या शेपटाकडे. दोरी ॲल्डरमध्ये गुंतते, तेव्हा फेकण्याची रेषा आधी मोकळी आहे का बघावी. डोहाची खोली वल्ह्यानं टोचून मोजावी. पाणी इतकं नितळ असतं की नजर फसते, आणि नेमकी पडायची जागा फेसामुळे दिसत नाही. कोपर झाकणारं जाड जॅकेट घालावं, ट्रॅव्हर्टाइन खरखरीत कानशीसारखं कातडं काढतं.

आणि खालच्या टप्प्यात काँक्रीटचा मत्स्यरोधक बंधारा आहे. बाहेरचे मासे वर चढू नयेत म्हणून बांधलेला. आपला वसंत बंधारा (ओढ्यावरचा छोटा बांध) भर पावसात कसा दिसतो ते आठवा: एकसारखी गुळगुळीत रेघ, आवाज कमी, आणि खाली पूर्ण रुंदीभर परत फिरणारं पाणी. अशा परत फिरणाऱ्या पाण्याला होल म्हणतात; नैसर्गिक होलला कुठेतरी फट असते, काँक्रीटच्या होलला नसते. तिथे वाद नाही, उचलायचंच.

केरीचा_झर

पुराबद्दल एक भर. झऱ्याचं पाणी बारमाही, तापमानही वर्षभर एकवीस-बावीस अंश, त्यामुळे ‘पातळी बदलत नाही’ असा समज होतो. झऱ्यांच्या वर ओढ्याचं कोरडं पात्र आहे आणि त्याचं पाणलोट क्षेत्र मोठं. जुलै ते सप्टेंबर तिथलाही मान्सून असतो. वीस किलोमीटरवर ढग फुटला की तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना पूर येतो. गोव्यात पूर आपल्याला भिजवून सांगून येतो. 2021 साली बॅकबोन वणव्यानं हा परिसर जळला, आणि जळलेल्या उतारावर पाणी मुरत नाही, राख आणि लाकडं घेऊन खाली धावतं. पाणी गढूळ झालं किंवा डहाळ्या वाहत आल्या की त्याच क्षणी होडी सोडून वर चढावं. एप्रिल-मे बरा.

वाळपईकर

चोर्ला_उतार यांचा मुद्दा माझ्याच बाजूनं जातो. पाहणीसाठी, दोरी धरण्यासाठी, खोली मोजण्यासाठी तुम्ही तीन वेळा काठावर चालणारच आहात. मग ‘उतरल्यानं पाय पडत नाहीत’ हा युक्तिवाद कुठे राहिला? एकदाच चाला आणि होडी बरोबर न्या.

अजून एक. 2023 च्या पावसाळ्यात बुडण्याच्या घटनांनंतर आपल्याकडे अभयारण्यांतल्या धबधब्यांवर सरसकट प्रवेशबंदी आली. जबाबदार आणि बेजबाबदार असा फरक त्यात नव्हता, तो करणं अधिकाऱ्याला शक्यही नसतं. फॉसिल क्रीकवर 2016 पासून हंगामात गाडीमागे परवाना घ्यावा लागतो, कारण गर्दी हाताबाहेर गेली होती. तुटलेल्या ओठाशेजारी प्लास्टिकचे रंगीत चरे दिसले, तर पुढची बंदी होड्यांवर येईल.

रगाडाकाठ

पाहणीच्या पावलांचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. पण तीन रिकामी माणसं मऊ रबरी तळव्याच्या बुटांनी पाण्यातल्या गोट्यांवरून जाऊ शकतात, वीस किलोची कयाक खांद्यावर घेऊन तसं जाता येत नाही, पाय कोरडी जागा शोधतो. म्हणून उचलायचंच असेल तर चार-पाच किलोची पॅकराफ्ट न्या आणि पाण्यातूनच चाला. प्लास्टिकची कयाक नेणाऱ्यानं कडे मोजून टप्पा निवडावा: जिथे खाच नाही असे दोनपेक्षा जास्त कडे असतील, तिथे ती पाण्यात घालूच नये.

केरीचा_झर

आणि होडी कुठलीही असो, निघण्याआधी आतून-बाहेरून धुऊन, फोम आणि सीटखालचं पाणी काढून पूर्ण वाळवा. 2004 साली बाहेरचे मासे विष घालून काढले आणि स्थानिक मासे परत सोडले, तेव्हा कुठे हा ओढा त्यांचा झाला. विमानात भरलेली ओली पॅकराफ्ट गुंडाळीत आठवडाभर ओलीच राहते, म्हणून गुंडाळण्याआधी दोन दिवस हवा भरून उन्हात ठेवावी, झिप उघडी.