४० संगणकांची लॅब : पब्लिक टाइम सर्व्हरवर भार न टाकता घड्याळे कशी जुळवावीत?

फोंडा_लॅब
कॉलेजच्या लॅबमध्ये २० उबंटू आणि २० विंडोज यंत्रे आहेत, बाहेर जायला एकच ब्रॉडबँड. उबंटूवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) दर मिनिटाला एनटीपीडेट (सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ लावणारी आज्ञा) लावलेले आहे. पावसाळ्यात वीज जाऊन आली की काही यंत्रांची वेळ चुकीचीच राहते. एनटीपी पूलमधले (सर्वांसाठी खुल्या टाइम सर्व्हरांचा समूह) बरेच सर्व्हर लोक स्वतःच्या खर्चाने चालवतात, त्यांना त्रास होणार नाही अशी मांडणी हवी आहे.

पोर्ट१२३
क्रॉनमधली ती ओळ आजच काढा. एका यंत्राच्या दिवसाला १४४० विचारणा, वीस यंत्रांच्या २८,८००, त्याही प्रत्येक मिनिटाच्या ठोक्याला आणि एकाच पब्लिक आयपीवरून. अशा पत्त्याला सर्व्हर 'रेट' ('फार वेळा विचारता') हा नकार पाठवतात किंवा उत्तरच देत नाहीत. शिवाय एनटीपीडेट तेवढ्यापुरती वेळ दुरुस्त करते, घड्याळाची चाल सुधारत नाही. क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा ती चाल मोजून सुधारते, म्हणून तिला कमी वेळा विचारावे लागते.

कायम चालू असणाऱ्या एका यंत्रावर क्रोनी बसवा. कॉन्फिगमध्ये पूलची एकच ओळ द्या, भारताचा झोन आणि पुढे 'आयबर्स्ट' (फक्त सुरुवातीला काही झटपट विचारणा); त्यातून ती चारपर्यंत सर्व्हर घेते. मिनपोल ६ आणि मॅक्सपोल १० (दोन विचारणांमधले अंतर, ६४ ते १०२४ सेकंद) आहेत तसेच ठेवा. 'बर्स्ट' (दर वेळी झटपट विचारणांचा मारा) मात्र परक्या सर्व्हरवर कधीच नको. मग 'अलाव' ओळीत लॅबचा सबनेट (आतल्या आयपींचा पट्टा) लिहा, फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ (एनटीपीचे पोर्ट) फक्त आतल्या बाजूने उघडा. बाकीच्या ३९ यंत्रांना याच यंत्राचा पत्ता द्या. नेट गेले तरी लॅबची घड्याळे एकमेकांशी जुळलेली राहावीत म्हणून 'लोकल स्ट्रॅटम १०' (बाहेरचा सर्व्हर नसला तरी स्वतःचीच वेळ वाटण्याची ओळ) घाला.

कुळागर
'लोकल'बद्दल सावध राहा. त्या यंत्राची सीमॉस बॅटरी (वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल) संपली असेल आणि वीज नेटच्या आधी आली, तर ते चुकीची तारीख सगळ्या लॅबला वाटेल. आधी तो सीआर२०३२ सेल बदला, यंत्र यूपीएसवर घ्या, 'मेकस्टेप १ ३' (पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून जास्त असला तर वेळ एकदम बदलणे) ठेवा, मगच 'लोकल'.

विंडोजचे दुखणे वेगळे आहे. डोमेनमध्ये (मध्यवर्ती विंडोज सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या यंत्रात फरक ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त असला तर विंडोज टाइम सेवा दुरुस्ती नाकारते. बॅटरी गेलेल्या यंत्राची तारीख काही वर्षे मागे जाते, म्हणून ते तसेच अडकून राहते. तिथे तारीख एकदा हाताने लावा आणि सेल बदला. वारंवार सिंक करून उपयोग नाही.

पोर्ट१२३
बरोबर, बॅटरी आधी.

आगर_नेट
पूलऐवजी एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) 'समय' सर्व्हर किंवा एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरही चालेल, पण नावाने लिहा, आयपी कोरून ठेवू नका. २००३ मध्ये घरगुती राउटरांत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा आयपी कायमचा घातलेला होता; उत्तर नाही मिळाले की ते दर सेकंदाला विचारत, आणि त्या पुराने विद्यापीठाचे नेटवर्क बेजार झाले. गूगलचा सर्व्हर या यादीत मिसळू नका, तो लीप सेकंद (घड्याळात अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) एकदम न घालता बऱ्याच तासांवर पसरवून देतो.

तपासायला 'क्रोनीसी सोर्सेस' चालवा. एका ओळीपुढे तारा दिसला पाहिजे आणि 'रीच' ३७७ (शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले) झाले पाहिजे. सगळ्या ओळींत ते ० वर अडकले तर बहुधा राउटर पोर्ट १२३ अडवतो आहे. अशा वेळी पोल वाढवू नका, राउटर बघा.