एव्हरेस्ट बेस कॅम्पचं ठरतंय, पण आधी परतीचं तिकीट

दादा: जमलं बरं का. ४ ऑक्टोबरला रात्री काठमांडू, ५ ला सकाळी विमानाने लुक्ला, तिथून चाल सुरू, १५ ला चालून परत लुक्ल्यात, १६ ला सकाळचं विमान आणि त्याच संध्याकाळी घरचं. तिकिटं काढू ना?

आत्या: काढ काढ.

मी: थांब. काढू नकोस.

दादा: आल्या, परीक्षक आल्या.

मी: चेष्टा नको रे. मी तिथे दोन दिवस अडकलेय. लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटर, तीही चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. समोरची दरी उघडी दिसली तरच विमान येतं. दुपारी वारा सुटतो, म्हणून जे काय व्हायचं ते सकाळीच. विमान यायचं असलं की भोंगा वाजतो. आम्ही सहा वाजल्यापासून सॅक पायाशी घेऊन बसलेलो, चहाचे कप मोजत. दोन दिवस भोंगा वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी वाजला, तर आधी त्या दिवसाचं तिकीट असलेले गेले. उरलेल्या जागांवर आम्ही.

वहिनी: मी ह्यांना हेच सांगत होते.

दादा: तू कधी सांगितलंस?

मी: आणखी एक. ऑक्टोबरच्या गर्दीत लुक्ल्याची बरीच विमानं काठमांडूहून सुटतच नाहीत, रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून गाडीने चार-पाच तास, नुसती वळणं. तू ४ ला रात्री उतरणार आणि १ वाजता परत गाडीत बसणार. परतीलाही तेच. लुक्ल्याहून वेळेवर निघालास तरी मंथलीत उतरून पुढे पाच तास गाडी, मग संध्याकाळचं विमान. एक दरड पडली की संपलं.

धाकटी: ताई, हेलिकॉप्टर?

मी: मिळतं, वाटून घेता येतं. पण पैसे बघून दादाला गोरकशेपपेक्षा, म्हणजे बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामापेक्षा, जास्त धाप लागेल. आणि दाट ढगात तेही उडत नाही.

नाना: मला मुळात ते विमान नको. जीप जाते म्हणतात.

मी: जाते नाना. काठमांडूहून सल्लेरीपर्यंत जीप, अख्खा दिवस. त्यापुढे कच्चा रस्ता, पावसाळ्यानंतर चिखल, आणि मग चाल. जाऊन-येऊन आणखी तीन-चार दिवस धरा. शिवाय तिकडे दशैं असतो, म्हणजे आपला नवरात्र-दसरा. सगळं काठमांडू गावी निघतं, जीपमध्ये जागा मिळायची मारामार. तुमच्या कमरेला विमानच बरं. वीस मिनिटं डोळे मिटून बसा.

नाना: डोळे मिटायला काय, राम म्हणायलाही वेळ पुरेल.

वहिनी: मग तारखा सांग गं, मी तक्त्यात बदलते.

मी: ३ ला काठमांडू. ४ ला सावकाश मंथली, मुक्काम तिथेच, साधी लॉज आहेत. ५ ला लुक्ला. पुढचं दादाचंच राहू दे, नामचे आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत ते बरोबर आहे. त्या कापायच्या नाहीत, नामचे ३,४४० मीटर आणि डिंगबोचे ४,४१०, शरीराला सवय तिथेच होते. परतीचं तिकीट मात्र १९ चं.

दादा: १९? साहेब मला तिकडेच राहा म्हणतील. १८ पर्यंत ताणतो.

मी: चालेल. १७ मोकळा राहतो. नाहीच लागला तर भक्तपूर बघू.

आत्या: खोल्यांचं काय? मला संडास खोलीतच हवा.

मी: आत्या, नामचेपर्यंत मिळेल, आधी सांगून ठेवू. वर दोन खाटांची खोली, मध्ये प्लायवूड. पलीकडच्याने कूस बदलली तरी कळतं. खोलीचं भाडं कमी असतं, कारण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यायचं असा रिवाज आहे. गरम पाणी आणि चार्जिंगचे पैसे वेगळे. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, नाहीतर थंडीने बॅटरी उतरते. खरी अडचण लोबुचे आणि गोरकशेपला. लॉज मोजकी, माणसं फार. जागा नसली की जेवणाच्या हॉलमध्ये बाकावर झोपवतात. त्यासाठी आपल्या गाईडने दोन दिवस आधी खालून फोन करून खाटा धरायला हव्यात. हे त्याच्याशी आत्ताच बोलून घे दादा.

दादा: बोलतो. पैसे?

मी: एटीएम नामचेत आहे, त्याच्यावर धरू नका. वर रोखच. आणि विमा घेताना ६,००० मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, दोन्ही लिहिलंय का बघ.

आत्या: नेपाळला जायला माझं आधार कार्ड आहे, पुरे ना?

मी: नाही! पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र.

आत्या: पासपोर्ट मुदत संपलेला.

वहिनी: मग मतदारचं शोधा आज रात्रीच. फोटो टाका ग्रुपवर... नको, मला वेगळा पाठवा.

दादा: ३ ते १८ पक्कं. उद्या काढतो.

नाना: गोरकशेपला मला दाराजवळची खाट. रात्री दोनदा उठावं लागतं.